वहीत न मावलेलं

अंगावर खलाशाचे कपडे आणि खिशात दमडी नाही, अशा अवस्थेत एक माणूस लंडनला पोचतो. पॅरिसहून कॅलेला येताना त्याला वाटमाऱ्यांनी लुटलेलं असतं, आणि पुढे समुद्रात चाच्यांनी उरलंसुरलंही काढून घेतलेलं असतं. कुठेतरी गाणंबजावणं चाललंय असं कळल्यावर तो ऐकायला जातो. तिथे त्याला ऑर्गनचा भाता मारायला बसवतात. तो मारायला लागतो, पण मन इतकं खिन्न असतं की आपले हात कधी थांबले हेही त्याला कळत नाही. ऑर्गनचा श्वास तुटतो. वादक उठतो आणि त्याला लाथ घालून दाराबाहेर काढतो.

हा माणूस म्हणजे योहान याकोब फ्रोबर्गर, व्हिएन्नाच्या सम्राटाचा दरबारी ऑर्गनवादक. सतराव्या शतकात युरोपात कळफलकावर बोटं ठेवणाऱ्यांत त्याच्या तोडीचे फार थोडे होते. ही हकिगत त्याच्या एका रचनेच्या हस्तलिखितावरच टिपलेली आहे. रचनेचं नावही तसंच आहे: खिन्नता घालवण्यासाठी लंडनमध्ये केलेला विलाप. ती अतिशय सावकाश वाजवायची आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी फार वेळ त्या भात्यापाशीच अडकून पडले होते. आमच्या गावी उत्सवात संगीत नाटक व्हायचं आणि आजोबा पायपेटीवर साथीला असायचे. घरी मात्र हातपेटी होती. एखादी जागा बसवताना दोन्ही हात मोकळे हवे असले की ते मला मागे बसवून भाता मारायला सांगायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. त्यांची बोटं बघता बघता माझा हात थांबायचा आणि सूर हळूहळू बसत जाऊन विझायचा. ते रागवायचे नाहीत. बोटं तशीच पट्ट्यांवर ठेवून वाट बघायचे. पट्ट्या दाबलेल्या आहेत पण आवाज नाही, ती शांतता मला अजून आठवते. त्यामुळे लंडनमधली ती लाथ मला जरा जास्तच लागली.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की नाटकाच्या पडद्याशेजारची पायपेटी डोळ्यांसमोर येते. फ्रोबर्गरचा ऑर्गन म्हणजे भिंतभर उभ्या नळ्या. त्यातून वारा सोडायचा, आणि तो वारा भरायला माणसं लागायची. वादकाचं कसब कितीही मोठं असो, मागे भाता मारणारा थांबला की सगळं थांबलं. पण फ्रोबर्गरचं मन मला सापडलं ते ऑर्गनपेक्षा हार्पसिकॉर्डवर. त्यात तार छेडली जाते आणि सूर लगेच विरायला लागतो. पेटीसारखा तो धरून ठेवता येत नाही. मग सहा सूर एकदम न वाजवता एकामागून एक सांडत जायचे, म्हणजे पहिला मरायच्या आत पुढचा जन्मलेला असतो. फ्रान्समधल्या ल्यूट या तंतुवाद्याच्या वादकांची ही रीत त्याने कळफलकावर आणली. ऐकताना कुणीतरी विचार करत करत बोलतंय असं वाटतं.

तो स्टुटगार्टचा. १९ मे १६१६ ला त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील बासिलियस वुर्टेंबर्गच्या ड्यूककडे संगीतप्रमुख होते, म्हणजे घरातच दरबार आणि दरबारातच घर. दोन वर्षांनी तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. १६३४ मध्ये नॉर्डलिंगेनची लढाई हरल्यावर स्टुटगार्टचा दरबार पांगला आणि गाणारे-वाजवणारेही पांगले. मुलगा व्हिएन्नाला गेला आणि १६३७ च्या सुरुवातीला सम्राटाच्या पदरी ऑर्गनवादक म्हणून लागला. त्याच वर्षी स्टुटगार्टमध्ये आई आणि वडील दोघंही प्लेगने गेले. एकविसाव्या वर्षी हातात उत्तम नोकरी, आणि परत जायला घर नाही. पुढे जन्मभर तो इतका का भटकला याचं कारण मी इथेच शोधते.

त्याच वर्षी दरबाराने त्याला रजा आणि विद्यावेतन देऊन रोमला शिकायला पाठवलं. गुरू होते जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी, सेंट पीटर्सचे ऑर्गनवादक. फ्रेस्कोबाल्दींनी आपल्या तोकातांच्या, म्हणजे कळफलकावरच्या मोकळ्या ढंगाच्या रचनांच्या, छापील पुस्तकाला जोडलेल्या सूचनांत सांगून ठेवलंय की हे संगीत एका ठेक्याला जखडून वाजवायचं नाही. भावाप्रमाणे कुठे संथ, कुठे भरभर, कुठे जणू हवेत थबकल्यासारखं. फ्रोबर्गर तीनेक वर्षं त्यांच्यापाशी राहिला. लुथरन घरातला हा मुलगा कॅथलिक झाला आणि हे ‘थबकणं’ बोटांत घेऊन १६४१ ला व्हिएन्नाला परतला.

पुढे तो पुन्हा इटलीला गेला. रोममधला बहुश्रुत जेझुइट पाद्री अथानासियस किर्खर याच्याशी त्याची गट्टी जमली. १६५० मध्ये किर्खरचा संगीतावरचा जो मोठा ग्रंथ निघाला, त्यात फ्रोबर्गरची ‘उत, रे, मी, फा, सोल, ला’ या त्यांच्या सहा सुरांच्या सरगमीवरची रचना छापलेली आहे. त्याच्या हयातीत छापलेल्या त्याच्या रचना जेमतेम दोन, त्यातली ही एक. बाकी सगळं हस्तलिखितात. सम्राट फर्डिनांड तिसरा स्वतः रचनाकार होता आणि फ्रोबर्गर त्याला आपल्या रचनांच्या सुंदर बांधीव वह्या अर्पण करायचा. त्यातली दुसरी १६४९ ची आणि चौथी १६५६ ची, या दोन व्हिएन्नात टिकल्या आहेत. पहिली आणि तिसरी हरवल्या.

१६४९ च्या ऑगस्टमध्ये सम्राज्ञी वारली आणि दरबारातलं गाणंबजावणं थांबलं. फ्रोबर्गर बाहेर पडला तो चार वर्षं फिरतच राहिला: ड्रेस्डेन, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन. तो दरबाराचे निरोप नेत होता की हेरगिरी करत होता, असा तर्क अभ्यासक करतात. मला त्यापेक्षा ड्रेस्डेनमधली एक गोष्ट जवळची वाटते. सॅक्सनीच्या इलेक्टरने, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाने, आपल्या दरबारी ऑर्गनवादक माटियास वेकमानला आणि या पाहुण्याला समोरासमोर बसवून वाजवायला लावलं. सोन्याच्या साखळीची पैज होती. अशा जुगलबंदीनंतर आपल्याकडेही घराणी वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. हे दोघं मात्र जन्माचे मित्र झाले. फ्रोबर्गरने नंतर आपली एक सुइट, म्हणजे नाचांच्या चालींवरची एक मालिका, स्वतःच्या हाताने लिहून वेकमानला पाठवली, आणि त्यात प्रत्येक हरकत, प्रत्येक मुरकी जागच्या जागी घातली. एरवी या गोष्टी कागदावर कुणी उतरवत नसे, कारण त्या बोटांत असतात. हे त्याने मित्रासाठी केलं, आणि वेकमानला त्याची शैली कळली ती त्या कागदावरून.

हे मुद्दाम सांगतेय, कारण फ्रोबर्गर हातचं राखणारा माणूस होता असा समज पुढच्या भागावरून होऊ शकतो. तो तसा नव्हता. कागदाला काय पेलतं आणि काय नाही हे त्याला फार नीट माहीत होतं, आणि तरीही तो कागदाच्या मागे लागला होता. त्याच्या अलमांदांवर, म्हणजे सुइटच्या सुरुवातीच्या संथ नाचांवर, तो शब्द लिहितो: सावकाश, ठेका न पाळता, आपल्या विवेकाने. एका रचनेवर तर २६ आकडे घातले आहेत आणि त्या आकड्यांबरोबर वाचायची गोष्ट वेगळी लिहिली आहे. ऱ्हाइन नदीत रात्री नावेवर घडलेला प्रसंग आहे. बरोबरचा एक जण नावाड्याच्या हातात तलवार द्यायला जातो आणि पाण्यात पडतो. मग जी धावपळ उडते, तिचा एकेक क्षण कुठल्या सुरावर आहे ते आकड्याने दाखवलंय. वाजवणाऱ्याला नुसते सूर देऊन त्याचं भागत नव्हतं. मी कुठे होतो, काय झालं, मला काय वाटलं, हे सगळं वाजवणाऱ्याच्या मनात उतरल्याशिवाय बोट योग्य जागी थांबणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

आजोबांची वही माझ्याकडे आहे. निळी शाई, पदाचे शब्द वर, सूर खाली. एका पदाच्या मध्ये, जिथे नट ओळ सोडून श्वास घेतो तिथे, त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलंय: ‘इथे वाट पाहावी.’ किती ते लिहिलेलं नाही. मी ती जागा कितीदा वाजवून बघितली. लवकर सुरू केलं की घाई वाटते, थांबलं की विसरल्यासारखं वाटतं. आजोबा कधी चुकायचे नाहीत, कारण ते नटाच्या छातीकडे बघायचे. फ्रोबर्गरच्या हस्तलिखितातला ‘आपल्या विवेकाने’ हा शेरा वाचला तेव्हा मी उठून ती वही काढली.

पॅरिसमध्ये १६५२ च्या नोव्हेंबरात त्याचा एक मित्र गेला, ल्यूटवादक ब्लांरोशे. जिन्यावरून पडला आणि त्यातच संपला. फ्रोबर्गर त्या वेळी तिथे होता. त्याच्यासाठी त्याने जी शोकरचना केली तिच्या शेवटी सुरांची एक ओळ थेट खर्जापर्यंत उतरत जाते. तो जिना आहे असं कुणी म्हणतात, कुणी म्हणतात कबर. मला त्यात दोन्ही ऐकू येतं, आणि पडणाऱ्याला धरायला न पोचलेला हातही.

त्यानंतरच्या वर्षी तो दरबारी परतला. सम्राटाचा थोरला मुलगा, चौथा फर्डिनांड, १६५३ मध्ये वारस म्हणून निवडला गेला आणि रेगेन्सबुर्गला त्याला मुकुट चढला. या आनंदावरही फ्रोबर्गरची एक अलमांद आहे. वर्षभराने, ९ जुलै १६५४ ला, तो मुलगा देवीच्या साथीत गेला. वीस वर्षांचा होता.

मग त्या मुलासाठी लिहिलेला ‘लामेंतो’, म्हणजे विलाप, आला. तो १६५६ च्या वहीत आहे. त्या पानाचं चित्र मी पडद्यावर मोठं करून बघत बसते. रचना सी मेजरमध्ये आहे, आपल्या भाषेत पांढरी एक, शुद्ध सुरांचं सप्तक. इतक्या साध्या सुरांत इतकं दुःख कसं बसवलं असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. आणि शेवटी, जिथे ब्लांरोशेची ओळ खाली गेली होती, तिथे इथली ओळ वर जाते. सरळ, एकेक पायरीने, तीन सप्तकं, काही सजावट नाही. ती जिथे संपते तिथे कागदावर चित्र आहे: ढग आणि देवदूतांची इवली डोकी. सूर संपून चित्र सुरू होतं.

आता ही वही कुणाला अर्पण केली होती ते बघा. फर्डिनांड तिसऱ्याला, म्हणजे त्या मुलाच्या बापाला. तो सम्राट असला तरी त्याला नोटेशन वाचता येत होतं, सूर कळत होते. शेवटच्या ओळीवर त्याची नजर गेली असेल तेव्हा आपला मुलगा कुठे चाललाय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दरबारी कलावंत म्हटलं की आपण भाटगिरी गृहीत धरतो. या पानासमोर तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

बापही फार दिवस राहिला नाही. २ एप्रिल १६५७ ला तो गेला. त्याच्यासाठीची शोकरचना एफ मायनरमध्ये आहे आणि तिच्या शेवटी एफ हा सूर तीनदा वाजतो. फर्डिनांडचा एफ, आणि तो तिसरा म्हणून तीनदा. त्यानंतर काही नाही. नव्या सम्राटाच्या, लिओपोल्डच्या काळात फ्रोबर्गरची नोकरी गेली. वीस वर्षांचा आश्रय असा संपला. १ मे १६६० ही तारीख आणि पॅरिस हे स्थळ घातलेली त्याची आणखी एक अलमांद आहे, तिचं नाव ‘माझ्या येणाऱ्या मरणावरचं चिंतन’. तेव्हा तो चव्वेचाळिसाव्या वर्षाला आलेला होता.

शेवटची वर्षं त्याने आजच्या पूर्व फ्रान्समधल्या एरिकूरला काढली, माँबेलियारच्या विधवा डचेस सिबिलाच्या आश्रयाला. सिबिला वुर्टेंबर्गची राजकन्या. तिच्याच वडिलांच्या दरबारात बासिलियस फ्रोबर्गर संगीतप्रमुख होते. म्हणजे दोघं एकाच स्टुटगार्टची, एकाच उद्ध्वस्त झालेल्या दरबारातली पोरं, आणि वयात फक्त चार वर्षांचं अंतर. आता ती त्याच्याकडे शिकत होती. मे १६६७ मध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्याला झटका आला आणि तो गेला. कॅथलिक माणूस लुथरन मुलखात वारलेला. त्याला जवळच्या बाविलियेच्या चर्चमध्ये पुरलं.

सिबिलाने हॉलंडच्या कॉन्स्टंटाइन हायगेन्सला त्या वर्षी पत्रं लिहिली. हायगेन्स मुत्सद्दी, कवी आणि संगीताचा वेडा; त्याला फ्रोबर्गरच्या रचना हव्या होत्या. सिबिलाने द्यायचं टाळलं. तिचं म्हणणं असं की त्यांनी स्वतःच मला सांगितलं होतं, माझं कुणाला देऊ नका, लोकांना ते हाताळता येत नाही, ते बिघडवतात. त्या मरणावरच्या रचनेबद्दल ती लिहिते की कोलोनचा ऑर्गनवादक ग्रीफगेन्स तीच वाजवतो, कारण त्याने ती त्यांच्या हाताखाली, बोटाला बोट लावून शिकलेली आहे. नुसत्या नोटेशनमधून ती सापडणं कठीण. आणि स्वतःला ती त्यांची क्षुद्र विद्यार्थिनी म्हणवते.

या पत्रांशी मी बरेच दिवस भांडत होते. सिबिलाचं म्हणणं मला पटतं, आणि तिने जे केलं ते मला सहन होत नाही. गेल्या वर्षी गावच्या नाटक मंडळातल्या एका मुलाने आजोबांची वही मागितली. चांगला वाजवतो तो, हात तयार आहे. पण थांबत नाही. मी दोनदा काहीतरी सांगून टाळलं. ‘इथे वाट पाहावी’ ही जागा तो भरून टाकणार, ती जागा मोकळी ठेवायची असते हे त्याला कागदावरून कळणार नाही, असं माझं म्हणणं. म्हणजे मी अगदी सिबिलाचीच वाक्यं बोलत होते.

तिची भीती खोटी नव्हती. फ्रोबर्गर आपल्या सुइटमध्ये बहुधा जीग हा नाच अलमांदच्या मागोमाग, दुसरा ठेवायचा. त्याच्या मृत्यूनंतर ॲमस्टरडॅमला सुइट छापल्या गेल्या तेव्हा प्रकाशकाने जीग उचलून शेवटी टाकला आणि वर लिहिलं की ‘अधिक चांगल्या क्रमाने’ लावल्या आहेत. शोकाने सुरू झालेली मालिका उड्या मारत संपवायची. पुढे तोच क्रम सर्रास रूढ झाला. सिबिलाने हे बघितलं असतं तर तिने कपाटाला आणखी एक कुलूप घातलं असतं.

पण कपाटं आणि कुलपं यांची एक दुसरी गोष्ट आहे, आणि शेवटी ती माझ्या मनात वरचढ ठरली. सोळाशे नव्वदच्या दशकात ओर्डरुफ गावात एक पोरका मुलगा थोरल्या भावाकडे राहत होता. भावाकडे फ्रोबर्गर, केर्ल, पाखेलबेल अशा थोरामोठ्यांच्या रचनांची एक वही होती, जाळीच्या दाराच्या कपाटात बंद. मुलाने मागितली, भावाने दिली नाही. मग घरातले झोपल्यावर मुलगा आपला लहान हात जाळीतून घालायचा, वही गुंडाळून बाहेर ओढायचा आणि उतरवून काढायचा. दिवा नव्हता, म्हणून चांदण्यात. पूर्ण उतरवायला सहा महिने लागले. पुढे भावाला कळलं आणि त्याने ती नक्कल काढून घेतली. तो मुलगा म्हणजे पुढचा थोर जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख. ही हकिगत बाखच्या मृत्युलेखात आहे.

बाखला फ्रोबर्गरचा हात कुणी धरून दाखवला नव्हता. फ्रोबर्गर जाऊन तीसेक वर्षं झाली होती. त्याच्याकडे होतं ते फक्त चांदण्यात दिसणारं काळं-पांढरं. त्यात ‘वाट पाहावी’ असेल, नसेल. त्याचं त्याने शोधलं. आणि आज आपल्याला सिबिलाच्या त्या जपलेल्या रचना, अगदी ती मरणावरचीसुद्धा, ऐकायला मिळतात, त्या कुणीतरी कुठेतरी नकला उतरवल्या म्हणूनच.

वहीचे फोटो काढून मी त्या मुलाला पाठवले, समासातल्या पेन्सिलीसकट. त्याचा लगेच फोन आला. म्हणाला, “ताई, इथे वाट पाहावी म्हणजे किती मात्रा?” मी म्हटलं, “ये घरी. पेटी काढते.”

तो अजून यायचाय, पण पेटी मी त्याच रात्री काढली. आजोबांचीच, बरोबर तीन सप्तकांची. भाता जरा आवाज करतो. उगीचच मनात आलं म्हणून पहिल्या पांढरी एकपासून ‘लामेंतो’ची शेवटची ओळ वाजवायला घेतली. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताचं एकेक बोट, सावकाश. पहिलं सप्तक, दुसरं. तिसऱ्यात पेटीचा आवाज बारीक होत जातो, तसा झाला. शेवटच्या ‘सा’ला बोट पोचलं तेव्हा त्यापुढे पट्टी नव्हती, लाकूड होतं. मी भाता थांबवला नाही.